पाऊण गुंठ्यातला हंगाम

हिवाळ्यात पहाटे वारणानगरला उतरलं की साखर कारखाना डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. उकळत्या रसाचा गोड वास, मळीचा आंबूस वास आणि त्या दोन्हींच्या खाली ओल्या चोथ्याचा मातकट वास. कोडोलीकडच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागे एक लागलेले असतात. वारणेच्या खोऱ्यातलं धुकं उसाच्या शेंड्यांवर अजून तसंच रेंगाळत असतं. हंगाम सुरू आहे, हे कुणी सांगावं लागत नाही.

या सगळ्या धावपळीच्या मुळाशी असते एक चिठ्ठी. कुणाच्या शिवारातला ऊस कधी तुटणार हे शेती ऑफिसात लागणीच्या तारखांवरून ठरतं आणि चिटबॉय तो निरोप फडापर्यंत पोचवतो. चिठ्ठी निघाली की ऊसतोडीची टोळी येते, कोयते चालू होतात, गाड्या भरतात आणि टनांनी ऊस गव्हाणीकडे सरकू लागतो. चिठ्ठीला स्वतःचं वजन म्हणाल तर काहीच नाही. आता समजा, एक दिवस ऑफिसात गोंधळ झाला आणि साऱ्या खोऱ्याच्या चिठ्ठ्या एकदमच निघाल्या. टोळ्या त्याच, कोयते तेच, ऊसही तोच. तरी संध्याकाळपर्यंत रस्ते तुंबतील, यार्डात वाहनं अडकून पडतील, तुटलेला ऊस वाळेल, साखरेचा उतारा घसरेल. टोळ्यांनी आपलं काम चोख केलं असेल आणि तेवढ्यानेच सगळा घोळ झाला असेल.

माणसाच्या फुप्फुसात कधी कधी हुबेहूब हेच घडतं. तिथल्या चिठ्ठ्यांना सायटोकाइन म्हणतात. आणि न्यूमोनियाने, जंतुसंसर्गाने किंवा कोविडसारख्या साथीत धडधाकट माणसाचं फुप्फुस दोन-चार दिवसांत पाण्याने भरून जातं, तेव्हा पुष्कळदा नाश केवळ शत्रूने केलेला नसतो. चिठ्ठ्या फार निघालेल्या असतात.

आधी ते शिवार पाहू. नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकेत उतरते, नळीच्या दोन नळ्या होतात, दोनाच्या चार, आणि असे सुमारे २३ फाटे फुटत ती वायुकोशांपाशी पोचते. वायुकोश म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा फुगा. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे सुमारे ४८ कोटी फुगे. सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर ७०-७५ चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे जवळपास पाऊण गुंठा. पाऊण गुंठ्यासाठी आपल्याकडे सख्खे भाऊ बांध कोरतात, पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तेवढी जमीन प्रत्येकाच्या बरगड्यांआड घडी घालून ठेवलेली आहे.

त्या पाऊण गुंठ्यावर रक्त किती असतं? एका क्षणी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत जेमतेम एक कप चहाइतकं. कपभर रक्त पाऊण गुंठ्यावर पसरायचं म्हणजे त्याचा थर किती पातळ होईल, याची कल्पनाच केलेली बरी. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तर मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही पातळ. तांबडी पेशी त्या पडद्याजवळून अवघ्या पाऊण सेकंदात निघून जाते आणि तेवढ्यात प्राणवायू भरून घेते. पाऊण गुंठा, पाऊण सेकंद. विश्रांत बसलेला माणूससुद्धा यावर जगत असतो.

इतक्या पातळ बांधाच्या एका बाजूला सतत रक्त आणि दुसऱ्या बाजूला हवा, ही मुळातच अवघड मांडणी आहे. त्यात दिवसाला दहा हजार लिटरहून जास्त हवा आत येते, तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण, जंतू येतात. म्हणून वायुकोशांत राखणदार ठेवलेले आहेत. त्यांचं नाव मॅक्रोफेज, म्हणजे मोठा खादाड. आलेला कचरा तो गुपचूप गिळतो आणि वर कुणाला कळवत नाही. निरोगी फुप्फुसाची खरी करामत या मौनात आहे. प्रत्येक धूलिकणाला आरडाओरडा करणारा राखणदार असता तर आपण जन्माच्या पहिल्या आठवड्यातच गुदमरलो असतो.

पण काही वेळा राखणदाराला बोलावंच लागतं. ते कसं, हे पाहण्यासाठी पुन्हा कारखान्यातल्या चोथ्याच्या ढिगाकडे येऊ. कारखान्याच्या भाषेत हा बगॅस. मूठभर उचलून उन्हात धरला की दोन गोष्टी दिसतात: लांब पांढरट धागे, आणि त्यांच्यातून झडणारा पिठासारखा भुगा. ताजा बगॅस वजनाने निम्मा पाणीच असतो आणि बहुतेक तसाच बॉयलरमध्ये जातो. ऊस आपल्याच चोथ्यावर शिजतो. मात्र तोच बगॅस कागद किंवा बोर्ड करण्यासाठी गठ्ठे बांधून महिनोन्‌महिने साठवला, तर उरल्यासुरल्या साखरेवर सूक्ष्मजीव पोसले जातात, गंजी आतून तापते आणि त्या उबेत एक खास जिवाणू माजतो. थर्मोअ‍ॅक्टिनोमायसीस सॅकराय हे त्याचं नाव. त्यातला ‘सॅकराय’ हा आपल्या ‘शर्करे’चाच भाऊबंद. वाळलेला गठ्ठा फोडला की त्याचे बीजाणू धुळीबरोबर उडतात, आणि ते इतके बारीक असतात की नाकातल्या केसांना चकवून थेट वायुकोशात उतरतात.

सकाळी असे गठ्ठे फोडणारा माणूस दुपारपर्यंत ठणठणीत असतो. चार ते आठ तासांनी त्याला हुडहुडी भरते, अंग तापतं, कोरडा खोकला सुरू होतो, जिना चढताना दम लागतो. फ्लू झाला म्हणून तो घरी पडून राहतो आणि एक-दोन दिवसांत बरा होतो. कामावर गेला की पुन्हा तेच. या आजाराचं नाव बगॅसोसिस. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या ऊसपट्ट्यातून १९४१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही व्यवसायजन्य आजार म्हणून तो नावानिशी नोंदलेला होता.

यातली नवलाची गोष्ट अशी की त्या जिवाणूचा संसर्ग होतच नाही. तो फुप्फुसात वाढत नाही, पेशी फोडत नाही, विष सोडत नाही. तो फक्त येऊन पडतो. मग ताप कुठून आला? तो शरीरानेच आणला. राखणदाराने ती अनोळखी धूळ पाहिली आणि चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांतल्या काही रक्तावाटे मेंदूपर्यंत गेल्या आणि तिथल्या तापमानाच्या केंद्राने पारा वर चढवला. थंडी वाजली, सांधे दुखले, जेवण नकोसं झालं, ते सगळं चिठ्ठ्यांचं काम. आजारी पडल्यावर आपण ज्याला ‘आजार’ म्हणतो, त्यातला मोठा भाग आपल्याच शरीराचा पत्रव्यवहार असतो.

या चिठ्ठ्या म्हणजे छोटी प्रथिनं. ‘सायटोकाइन’ हे नाव त्यांना १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी दिलं. सायटो म्हणजे पेशी आणि काइन म्हणजे हलवणारं. पेशींना कामाला लावणारं, असा त्याचा अर्थ घ्यायचा. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातली सत्तर गावं संगणकांनी जोडायचा प्रयोग झाला होता: उसाचं वजन, दुधाचा हिशेब, बाजारभाव एका गावातून दुसऱ्या गावात कळावेत म्हणून. शरीरातलं हे जाळं त्याहून जुनं आणि त्याला तारही लागत नाही. एक पेशी प्रथिन सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्या मापाचा खोबणीसारखा ग्राहक असतो, प्रथिन तिथे बसलं की निरोप पोचला.

वारणानगरात फार्मसीचं कॉलेज आहे. या विषयाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला चार नावं पाठ असावी लागतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे पहिल्या प्रहराचे निरोप: ‘घात झाला, उठा’. इंटरल्यूकिन-६ हा लांब पल्ल्याचा: यकृताला, मेंदूला, अस्थिमज्जेला वर्दी देणारा. आणि इंटरल्यूकिन-८ अगदी चिटबॉयसारखा: टोळीला हात धरून नेमक्या फडात नेणारा. तो जिथून निघतो तिथे दाट असतो आणि लांब जाईल तसा विरळ होत जातो. पांढऱ्या पेशी त्या दाटपणाचा माग काढत चालत येतात.

हे निरोप किती कमी लागतात? डॉक्टर ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून वारणेचंच माप घेऊ. चांदोलीचं धरण पूर्ण भरलं की त्यात ३४.४० टीएमसी पाणी असतं. त्या सगळ्या पाण्यात एक किलो साखर विरघळवली तर एका मिलिलिटरमध्ये जेवढी साखर येईल, तो झाला एक पिकोग्रॅम. निरोगी माणसाच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ साधारण पाच-सहा पिकोग्रॅमच्या आत असतं. म्हणजे भरलेल्या चांदोलीत पाच किलो साखर. माणसाच्या जिभेला ती गोडी जन्मात लागणार नाही. पेशींना लागते, आणि पाचाचे पन्नास किलो झाले की त्या दचकतात.

आता चिठ्ठ्या फार निघाल्या तर काय होतं ते पाहू. विषाणूने, जिवाणूने किंवा पोटातलं आंबट पाणी श्वासमार्गात गेल्याने वायुकोशाला इजा झाली आहे. राखणदार टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ सोडतो. त्यांनी शेजारच्या केशवाहिनीच्या भिंतीवरच्या पेशी जाग्या होतात आणि आतल्या बाजूला चिकट हुक उभारतात. रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहत असतात. अस्थिमज्जा रोज अब्जावधी न्यूट्रोफिल घडवते आणि त्या फार थोडा काळ जगतात. फुप्फुसाच्या केशवाहिन्या त्यांच्यापेक्षाही अरुंद, म्हणून एरवी त्या अंग चोरून, लांबट होऊन पुढे सरकतात. पण निरोप मिळालेली न्यूट्रोफिल ताठरते. तिला वळता येत नाही, ती अडकते, हुकांना चिकटते, मग भिंतीच्या फटीतून पलीकडे उतरते. इंटरल्यूकिन-८ पुढे वाट दाखवतच असतं.

न्यूट्रोफिलची हत्यारं अचाट आहेत. ती प्राणवायूपासून जाळणारी रसायनं बनवते, इलॅस्टेजसारखी प्रथिनं कातरणारी विकरं सोडते, आणि २००४ मध्ये तर असं दिसून आलं की ती मरता मरता स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकून त्यात जंतू पकडते. शंभर न्यूट्रोफिल आल्या तर जंतू मरतात आणि विषय संपतो. लाखांनी आल्या तर ही हत्यारं शेजारच्या पडद्यावर चालतात. कोयता ऊस आणि बांधावरचं झाड यांत फरक करत नाही.

तिकडे केशवाहिनीच्या पेशींमधले सांधे सैल झालेले असतात. ते सैल होणं हा दाहाचाच भाग आहे, टोळीला आत यायला वाट हवी म्हणून. पण वाट मोठी झाली की टोळीबरोबर पाणीही आत येतं, आणि ते साधं पाणी नसतं. रक्तातली प्रथिनं घेऊन आलेलं, दाटसर पाणी. वायुकोशाच्या आतल्या बाजूला साबणासारखा एक थर असतो. त्यामुळेच श्वास सोडल्यावर तो फुगा चिकटून बसत नाही. प्रथिनांच्या पाण्याने तो थर निकामी होतो आणि फुगे एकामागून एक मिटू लागतात. उरलेल्यांच्या भिंतीला प्रथिनांचं काचेसारखं अस्तर चढतं. एक्सरेमध्ये काळी दिसायला हवी ती फुप्फुसं पांढरी दिसतात. पाऊण गुंठा पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी वारणा-पंचगंगेच्या काठाला उसाचे फड बुडालेले पाहिले, त्यांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही: पीक उभं आहे, जमीन तीच आहे, फक्त हवा पोचत नाही.

या स्थितीला नाव मिळालं १९६७ मध्ये. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या चार डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये बारा रुग्णांची हकिगत लिहिली. कुणी अपघातात सापडलेला, कुणाला विषाणूचा न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. कारणं वेगवेगळी, पण शेवट एकच: दम, निळेपणा, कितीही प्राणवायू दिला तरी रक्तात न उतरणं. कारणं इतकी निराळी असताना फुप्फुस एकाच पद्धतीने का कोसळतं? कारण ठिणगी कुठूनही येवो, पुढची लिखापढी त्याच चिठ्ठ्यांची असते. आज या आजाराला एआरडीएस म्हणतात. त्याच्या व्याख्येत एक अट आहे: फुप्फुसात पाणी आहे, पण त्याचा सगळा दोष हृदयाच्या माथी मारता येत नाही.

ही अट किती मोलाची आहे ते आपल्या कोकणात दिसलं. महाडच्या परिसरात लाल विंचू चावलेली मुलं तोंडातून गुलाबी फेस येऊन दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशेजारी बसून पाहिलं की विंचवाच्या विषाने मज्जासंस्था उसळते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात शिरतं. प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या साध्या गोळीने तो ताण उतरतो, हे त्यांनी दाखवलं आणि शेकडा तिसाच्या घरातले मृत्यू एकेरी आकड्यात आले. तिथे मुख्य बिघाड पंपात होता, म्हणून पंपाचा भार हलका करताच पाणी ओसरलं. एआरडीएसमध्ये पंप बरा असतो आणि चाळणीच फाटलेली असते. फुप्फुसात पाणी दोन्हीकडे आहे, पण एका ठिकाणचं औषध दुसऱ्या ठिकाणी कामाचं नाही.

मग आलं २०२०. मार्चच्या अखेरीस वारणेच्या पलीकडे इस्लामपुरात एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यात वीसहून जास्त जणांना कोविड झाल्याचं निघालं आणि अवघ्या दक्षिण महाराष्ट्राच्या छातीत धस्स झालं. त्यातले बहुतेक जण बरे होऊन घरी गेले. विषाणू एकच, घर एकच, ताटसुद्धा एक. तरी साथीत कुणाला नुसती सर्दी झाली आणि कुणाचं फुप्फुस आठव्या-दहाव्या दिवशी भरून आलं. हा आठवा-दहावा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. तोवर विषाणूंची संख्या पुष्कळदा उतरणीला लागलेली असते. म्हणजे शत्रू माघार घेत असताना गाव जळत होतं.

‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द तेव्हा घरोघर पोचला. मराठी वाहिन्यांवर त्याचं वादळ झालं. पण मोजमाप केल्यावर एक मजेदार गोष्ट पुढे आली. २०२० मध्येच अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गंभीर कोविडमध्ये रक्तातल्या इंटरल्यूकिन-६ ची सरासरी निघाली सुमारे ३७ पिकोग्रॅम. इतर कारणांनी झालेल्या एआरडीएसमध्ये ती ४६० च्या आसपास. आणि कर्करोगावरच्या कार-टी उपचारात (मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून ज्याचं देशी रूप घडवलं, तोच उपचार) जेव्हा सायटोकाइन खरोखर उसळतात, तेव्हा तीन हजारांच्या वर. चांदोलीच्या मापात सांगायचं तर कोविडमध्ये साखरेचं एक पोतंही पुरतं नाही, एआरडीएसमध्ये नऊ पोती, आणि खऱ्या वादळात साठाहून जास्त. मग पोतंभर साखरेत माणसं कशी गेली? एक उत्तर असं की रक्त म्हणजे हमरस्ता. चिठ्ठ्यांची गर्दी फडात असते. वायुकोशाच्या आत ती दाट असू शकते आणि हातातून काढलेल्या रक्तात त्याची फक्त झुळूक लागते. आणि विषाणू स्वतः, रक्तवाहिन्यांची इजा, बारीक गुठळ्या हेही हिशेबात धरावे लागतात.

हे सगळं ऐकल्यावर कुणाच्याही मनात येईल तो उपाय सोपा आहे: चिठ्ठ्या फाडून टाका. नव्वदच्या दशकात जंतुसंसर्गाने कोसळलेल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारी औषधं मोठ्या आशेने दिली गेली आणि त्यांनी निराशा केली. चिठ्ठी उशिरा फाडून काय उपयोग, टोळी तर फडात उतरलेली. आणि लवकर फाडावी तर जंतूंना रान मोकळं. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधं आज वापरतात, पण ती सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. कारण फुप्फुसात वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेला क्षयाचा जंतू याच निरोपाच्या पहाऱ्यात असतो. पहारा उठला की तो बाहेर पडतो.

म्हणून प्रश्न होतो तो वेळेचा आणि मात्रेचा. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडचा निकाल सांगितला. स्टेरॉइड म्हणजे एका चिठ्ठीवर नव्हे, सबंध शेती ऑफिसावरच हात ठेवणारं औषध. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, फक्त प्राणवायू लागणाऱ्यांत एक पंचमांशाने. आणि ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. तेच औषध, तीच मात्रा. फरक चिठ्ठ्या कुठवर पोचल्या होत्या याचा. २०२१ च्या लाटेत स्टेरॉइड वारेमाप वापरली गेली, त्यात मधुमेहाची भर पडली आणि महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा तडाखा सोसला. पहारा फार ढिला पडला की बुरशीही आत येते. पुढे इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक झाकणाऱ्या टोसिलिझुमॅबनेही काहींचे प्राण वाचवले. त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. ज्या इंटरल्यूकिनमागे जपानच्या ओसाकात तादामित्सु किशिमोतो यांनी आयुष्य घातलं, त्याच्या अभ्यासातून हे औषध आलं. चार टक्के थोडे वाटतात. शंभर घरांतल्या चार घरांना विचारा.

सगळ्यात चकित करणारा धडा मात्र औषधाचा नाही, यंत्राचा आहे. फुप्फुस निकामी झालं की व्हेंटिलेटर हवा ढकलतो. पूर्वी एका श्वासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दहा-बारा मिलिलिटर हवा देत. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवर तुलना झाली: निम्म्यांना बारा मिलिलिटर, निम्म्यांना फक्त सहा. कमी हवा मिळालेल्यांत मृत्यू ३९.८ टक्क्यांऐवजी ३१ टक्के. आणि त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ सुद्धा कमी निघालं. कोवळ्या पडद्यावर ताण पडला की पेशी त्या ताणालाच इजा समजतात आणि चिठ्ठ्या लिहितात. जीव वाचवणारा श्वासच जास्त जोरात दिला तर नवा निरोप काढत होता. आज हवा जपून देणं हा या आजाराच्या उपचाराचा कणा आहे.

दुसरा उपाय त्याहून साधा: रुग्णाला पालथा झोपवणं. मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र एआरडीएसच्या रुग्णांना दिवसातले सोळा तास पालथं ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर आले. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपल्यावर तोच दबतो आणि भिजतो. पालथं केलं की मिटलेले फुगे उघडतात आणि ताण सगळीकडे वाटला जातो. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरच्या रुग्णांनाही हे आसन शिकवलं आणि गावोगावच्या पडव्यांत, छातीखाली उशी घेऊन, माणसं पालथी पडलेली दिसू लागली. खाटेवर कूस बदलण्याने आत निरोपांची गर्दी कमी होऊ शकते, हे कुणी आजीला सांगितलं असतं तर ती हसली असती.

इतकं वाचल्यावर शरीराची ही व्यवस्था धोक्याची वाटेल. पण हिशेब उलटा मांडून पाहा. आयुष्यात किती सर्द्या झाल्या, किती धूळ खाल्ली, किती वेळा खोकला आला. दर वेळी चिठ्ठ्या निघाल्या, टोळ्या आल्या, काम झालं, आणि दर वेळी सगळं मुकाट थांबलं. थांबणं आपोआप घडतं असं पूर्वी वाटायचं. निरोप संपले की दाह विरतो, इतकंच. तसं नाही. थांबण्याचेही निरोप असतात. इंटरल्यूकिन-१० हा त्यातला एक. चार्ल्स सेरहान यांनी तर दाखवलं की दाह शमवणारे खास रेणू, रिझॉल्व्हिन, शरीर मासळीच्या तेलात असतात तशा स्निग्धाम्लांपासून मुद्दाम तयार करतं.

साखर पट्ट्यात हंगामाची सुरुवात गव्हाणीत मोळी टाकून वाजतगाजत होते. शेवटाला फारसा गाजावाजा नसतो. एक दिवस म्हणतात, ‘पट्टा पडला’. टोळ्या बैलगाड्यांत संसार भरून बीडकडे, आपापल्या गावांकडे निघतात. छातीतल्या टोळीला मात्र परतीचं गाव नसतं. न्यूट्रोफिल फडातच मरते, शहाण्यासारखी, न फुटता, आपली हत्यारं पोटात आवळून धरून आणि अंगावर ‘मला खा’ अशी खूण उमटवून. ती खूण वाचून मॅक्रोफेज येतो. पहिली चिठ्ठी लिहिणारा त्यांच्यातलाच कुणी होता. तो तिला गिळतो आणि गिळता गिळता त्याचं अक्षर बदलतं. टीएनएफ लिहिणारा हात इंटरल्यूकिन-१० लिहू लागतो. मेलेली टोळी खाणं हाच त्याच्यासाठी काम संपल्याचा पुरावा असतो, तो बाहेरून कुणी आणून द्यावा लागत नाही. मग भिंतीवरच्या उरलेल्या पेशी वाढून फाटका पडदा सांधतात, पाणी उपसलं जातं, मिटलेले फुगे एकेक करून उघडतात.

फुप्फुसाचा डॉक्टर रोज सकाळी रुग्णाच्या पाठीवर नळी टेकवून जो आवाज शोधत असतो, तो हाच. चुरचुर थांबली का, हवा तळापर्यंत उतरते आहे का. पट्टा पडला का.